खाऱ्या पाण्याच्या पाच आंघोळी

६ फेब्रुवारी २०२३, सोमवार. लामगाव, डिचोली

पासपोर्ट आज तीनदा तपासले. तिन्ही वेळा दोनच भरले आणि दोन्हींवरचे फोटो आमचेच निघाले. तीस वर्षं खाणीच्या काट्यावर ट्रकांची वजनं घेतली, त्यामुळे एकदा मोजून माझं समाधान होत नाही. सौ. म्हणाली, "आतां चवथे खेपे मोजल्यार तीन जातले काय?" मी पासपोर्ट पाकिटात परत ठेवले.

परवा मालदीवला निघायचं. आमची संजना बंगळुरूला नोकरी करते. माझी पासष्टी म्हणून तिनं आम्हा दोघांना एका बेटावरच्या रिसॉर्टमध्ये धाडायचं ठरवलं. तिथं स्नॉर्कलिंग करतात. म्हणजे डोळ्यांवर काच बांधायची, तोंडात नळी धरायची, पाण्यावर पालथं पडायचं आणि खालचे मासे बघायचे. मी फोनवर अकरा व्हिडिओ पाहून ठेवले आहेत. जन्मभर मासा ताटात पाहिला. एकदा त्याला त्याच्या घरी जाऊन बघावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा.

शेजारच्या पद्मावतीवहिनी म्हणाल्या, "गोंयांत दर्या ना काय, भावोजी? काखेत कळसा नि गांवाक वळसा." मी त्यांना गुडघ्यांचं कारण सांगितलं, तेही खोटं नाही. आमच्याकडे सांधे धरले की मे महिन्यात समुद्रावर जाऊन खाऱ्या पाण्याच्या आंघोळी घेतात. संख्या विषम हवी. तीन, पाच, सात. सम आकड्यावर थांबलं तर घेतलेल्यांचाही गुण जातो. आधी अंगाला खोबरेल चोळायचं, नंतर गोडं पाणी घ्यायचं नाही, मीठ अंगातच जिरू द्यायचं. मी पाच धरल्या आहेत, ९ ते १३, रोज एक.

तिसरं कारण कोणाला बोललो नाही, इथंच लिहितो. सौ.ची पाण्याची भीती घालवायची. सुमंगलाचं माहेर पेडण्यात केरीला, घराच्या जनेलातून लाटा ऐकू येतात. पण लग्नाला अडतीस वर्षं झाली, ती घोट्याच्या वर पाण्यात उतरलेली मी पाहिलेली नाही. दर मे महिन्यात आमचं सगळं गणगोत केरीला न्हायला जातं आणि ही वाळूवर बसून कपडे राखते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेवटच्या दिवसापर्यंत तिनं माझ्या बाजूला पाण्यात पडून मासे पाहिले पाहिजेत. हे जमलं तर पासष्टी सार्थकी लागली असं मी समजेन.

८ फेब्रुवारी, बुधवार. बेटावर

मोपाचा नवा विमानतळ घरापासून पाऊण तासावर. तिथून बंगळुरू, तिथून माले आणि मालेहून बेटापर्यंत स्पीडबोट. बोटीत मी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती, सामान घसरू नये म्हणून लक्ष ठेवायचं होतं. सौ. कडेला बसून सारा वेळ पाण्याकडे बघत होती. एक शब्द बोलली नाही. घाबरलेलं माणूस असंच गप्प होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वारा फार होता.

खोली छान आहे. पलंगावर तुवाल्याचा हंस करून ठेवला होता. मी फोटो काढायला फोन शोधीपर्यंत सौ.नं हंस मोडून तोंड पुसलं.

संध्याकाळी काठावर उभं राहून ती म्हणाली, "आतां सुकती लागली." जेटीवर भरती-ओहोटीचा फळा आहे, मी जाऊन पाहिला. ओहोटी साडेचारपासून. घड्याळात चार चाळीस. योगायोग कसा असतो बघा.

९ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली आंघोळ झाली.

इथं पाण्याकडे नेणारा माणूस इब्राहिम, तिशीचा, हिंदी बोलतो. माझ्या हातातली खोबरेलाची बाटली बघून म्हणाला, "अंकल, तेल नहीं. पानी में जाता है, मूंगे को तकलीफ." मी बाटली पिशवीत ठेवली. औषध आणि तेल यांतला फरक परक्या माणसाला कुठं समजावत बसायचं?

सौ.साठी लाइफजॅकेट मागून घेतलं. मीही एक घातलं, तिला एकटीला घालायला अवघड वाटू नये म्हणून. तिनं आपलं काढून खुर्चीवर ठेवलं आणि छत्रीखाली बसली. काच लावून बघ म्हटलं तर तिनं ती थुंकी लावून पुसली, चढवली, नळी तोंडात धरली आणि चार-पाच संथ श्वास घेतले. मला हेच जमायला पाव तास लागला होता. नवख्याला कधी कधी चटकन जमून जातं.

मग मी उतरलो. कमरेएवढ्या पाण्यात इब्राहिमनं मला पालथं घातलं.

काय लिहू? हळदीच्या रंगाचे, काळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या बोटांजवळून गेले आणि कोणी घाबरलं नाही. एक निळा मासा समोर येऊन थांबला, माझ्याकडे बघून, काही विशेष नाही असं ठरवून निघून गेला. मी नळीतच हसलो, पाणी तोंडात गेलं, तरी हसत राहिलो. मी फार सुखी झालो.

बाहेर येऊन इब्राहिमला म्हटलं, "आंटी को डर लगता है." त्यानं छत्रीकडे बघितलं. म्हणाला, "अंकल, डरने वाला पानी को नहीं देखता. आंटी तो एक घंटे से लहर गिन रही है." भीतीनं माणूस काहीही मोजत बसतो. मला विचारा.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरी. आज पाण्यात छातीएवढं गेलो. अंगाला खाज सुटली आहे. इथल्या नर्सबाई म्हणाल्या, मीठ धुऊन टाका. धुतलं नाही. तेलाशिवाय मीठ चावतं हे मला ठाऊकच होतं, उद्यापासून काय ते बघतो.

सकाळच्या जेवणात खोबरं, कांदा आणि कुस्करलेला मासा. सौ.नं घास घेतला आणि म्हणाली, "ही आमची किसमूर, फकत सुको बांगडो ना." आचाऱ्याला हे सांगायला ती भटारखान्याच्या दारापर्यंत गेली. परदेशात ती माझ्यापेक्षा लवकर रुळली, हे कबूल केलं पाहिजे.

दुपारी तिला शिकवायला बसलो. बेसिनमध्ये पाणी भरलं आणि तोंड बुडवून श्वास कसा सोडायचा ते करून दाखवलं. ती बघत राहिली.

"भियेवपाक कितें आसा गो? हांव आसां न्हय?" मी म्हटलं.

"तुमी आसात म्हणूनच," ती म्हणाली.

ऐकून बरं वाटलं. माझ्यावर तिचा भार आहे, विश्वास आहे. आणखी दोन दिवसांत पाण्यात उतरेल.

११ फेब्रुवारी, शनिवार

दुपारचे दोन. घडलं तसं क्रमानं लिहितो.

सकाळी न्हाणीघराचं दार लावून डोक्याला आणि अंगाला भरपूर खोबरेल चोळलं. वरून टी-शर्ट घातला, म्हणजे इब्राहिमला कळू नये. लाइफजॅकेट घातलं नाही, कारण काल आठ-नऊ वर्षांची एक गोरी मुलगी बिनजॅकेटची माझ्या बाजूनं गेली आणि तिनं मला हात केला होता. पायांना ते बदकाचे पंजे होते. त्यांच्या जिवावर मी आताशा बरा सरकतो. इब्राहिम दुसऱ्या टोकाला एका जोडप्याला शिकवत होता. सौ. छत्रीखाली.

एक मोठा पोपटी मासा पोवळं कुरतडत होता. तो आवाज पाण्याखाली स्वच्छ ऐकू येतो, कोणीतरी शेजारी बसून चणे खात असल्यासारखा. मी त्याच्या मागे निघालो. तो पुढे, मी मागे. तरंगत्या गोळ्यांची दोरी आहे, तिच्या पलीकडे कधी गेलो ते कळलं नाही. खाली पाहिलं तर वाळू नव्हती. नुसतं निळं, आणि त्याच्याखाली काळं.

मी मान वर केली. तेवढ्यात तेलकट केसांवरून काचेचा पट्टा निसटला, काच हनुवटीवर आली, नळी तोंडातून सुटली. घशात पाणी गेलं. पाय टेकायला गेलो, टेकायला काही नव्हतं. मग मी हातपाय झाडले आणि जितके झाडले तितका खाली गेलो. ओरडलो की नाही ते माहीत नाही. किनारा एकदा दिसला, छत्री दिसली, छत्रीखाली कोणी नव्हतं. बस, आता संपलं, असं मला अगदी शांतपणे वाटलं.

मागून कोणीतरी माझी कॉलर धरली.

"गप रव रे! हात झाडूं नाका. पोट वयर कर. मळबाक पळय."

अडतीस वर्षांत तिनं मला कधी अरे-तुरे केलेलं नाही. मी गप राहिलो. पोट वर केलं, आभाळाकडे पाहिलं. ती माझ्या डोक्यामागे होती, दिसत नव्हती, फक्त तिचा श्वास ऐकू येत होता आणि तो माझ्यासारखा धापांचा नव्हता. मध्ये एकदा म्हणाली, "हांगा ओड आसा, आडव्यान वचूं या." आम्ही सरळ किनाऱ्याला न जाता तिरके गेलो. पाठीला वाळू लागली तेव्हा मी डोळे मिटले.

इब्राहिम धावत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आंटी, आप... आप तो..." हिरवा पंजाबी ड्रेस निथळतो आहे, अंबाडा सुटलेला, अशी उभी राहून सौ. त्याला म्हणाली, "पहले इनका तेल धो डालो."

त्यानं मला नळाखाली धरलं. गोडं पाणी. मी हूं की चूं केलं नाही.

खोलीत आल्यावर पोहण्याचं विचारलं, "तुका पेंवपाक येता?"

"आदीं जेवन घेयात," ती म्हणाली. जेवलो. आता ती झोपली आहे आणि मी लिहितो आहे. हिची भीती घालवायला मी आलो होतो. ६ तारखेचं पान पुन्हा वाचलं. त्यात काहीतरी चुकलेलं आहे, पण कुठं चुकलं ते मला सांगता येत नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

मी पाण्यात गेलो नाही. माझ्या तीन झाल्या आहेत, तीन विषमच. इथं थांबलं तरी चालतं, असं मी चहा घेताना जाहीर केलं.

"तुमच्यो तीन," सुमंगला म्हणाली. "म्हजी कालची एक."

"एकही विषमच."

"पूण माका आनीक जाय." तिला आणखी हव्यात! आणि इतक्या वर्षांत मी न ऐकलेल्या आवाजात हसली.

मग मी विचारत गेलो आणि ती सांगत गेली. पाचव्या वर्षी तिच्या बापानं तिला होडीतून पाण्यात टाकलं होतं, दोरी बांधून. दहाव्या वर्षी दोरी सुटली. धाकटा भाऊ शंभू आणि ती नांगरलेल्या होड्यांपर्यंत शर्यत लावायची आणि शंभू एकदाही जिंकला नाही. तेरेखोलच्या नदीचं पाणी समुद्राला मिळतं तिथं ओढ असते, ती कशी ओळखायची, हे तिला बापानं शिकवलं होतं.

"मग म्हाका सांगलें ना कित्याक?"

तिनं कप खाली ठेवला. "तुमकां खरेंच याद ना?"

नाही, म्हटलं.

लग्न चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरातलं. पंच्याऐंशीच्या मे महिन्यात आमच्या घरची वीस-बावीस माणसं आंघोळींसाठी केरीला तिच्या माहेरी उतरली होती. पहिल्याच सकाळी ती शंभूबरोबर पोहत होड्यांपर्यंत गेली. परत येत होती, तर मी गुडघाभर पाण्यात उभा होतो. माझी आई, काका, तिचा बाप, होड्यांवरची माणसं, सगळ्यांच्या समोर मी ओरडलो, "भायर सर! आमच्या घरांत हें चलना!"

"हांव भायर सरलें," ती म्हणाली. "मागीर तुमी परत केन्नाच म्हळें ना, वच म्हणून. म्हणून हांव गेलें ना."

जा म्हणून मी पुन्हा कधी म्हटलं नाही, म्हणून ती गेली नाही. तिच्या बोलण्यात राग नव्हता. भाजीत मीठ कमी पडलं हे सांगावं तसं सांगितलं. मी म्हटलं, मला आठवत नाही. म्हटल्यावर लक्षात आलं की हे उत्तर नव्हे.

साडेनऊला ती इब्राहिमबरोबर पोवळ्याच्या कडेपर्यंत गेली. मी छत्रीखाली. दोन डोकी बारीक होत गेली. पाऊण तासानं आली ती बोलतच आली. कासव पाहिलं, चुलीवरच्या तव्याएवढं. आमच्याकडच्या शेवटे माशांसारखे दिसणारे, पण शेपटी पिवळी. एक तामशासारखा, "पूण आमच्या तामशाक इतलो गर्व ना." जेवताना बोलली, जेवल्यावर बोलली, संजनाला फोन करून बोलली. संजना मला म्हणाली, "बाबा, आई हाडाची पोहणारी आहे हे तुम्ही मला कधीच बोलला नाहीत!" मी फोन परत हिच्याकडे दिला.

मला लाज वाटते आहे. आणि तिच्याकडे बघून आनंदही होतो आहे. दोन्ही एकाच वेळी होत आहेत, म्हणून दोन्ही लिहून ठेवतो.

१३ फेब्रुवारी, सोमवार

आज दोन आंघोळी घेतल्या. सकाळी चौथी, आणि सम आकड्यावर थांबता येत नाही म्हणून दुपारी पाचवी.

सकाळी मी नको म्हणत होतो. तिनं माझं लाइफजॅकेट आणून बकल लावलं, पट्टे ओढून पाहिले. "तेल लायलां?" विचारलं. नाही म्हटलं. तिनं माझ्या डोक्याला हात लावून वास घेतला, मगच सोडलं.

तिनं मला हाताला धरून नेलं. खरं तर ओढत नेलं. मी पालथा, नळीतून श्वास घेत, आणि बाजूला तिचा हिरव्या बाहीचा हात. खाली तो परवाचा पोपटी मासा पुन्हा चणे खात होता. तिनं बोटानं दाखवला. मी मान हलवली, म्हणजे हाच तो चोर. ती पाण्यात हसली, तिच्या नळीतून बुडबुडे आले. शेवटच्या दिवशी तिनं माझ्या बाजूला मासे बघावेत असं मी ठरवलं होतं, ते झालं. ज्या तऱ्हेनं ठरवलं होतं त्या तऱ्हेनं नाही.

गुडघे खरंच हलके वाटतात.

संध्याकाळी जेटीवर बसलो होतो. ती म्हणाली, "केरीक गेल्यार पेंवूं?"

मी म्हटलं, "बघू."

हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण देवळाच्या समितीत मी गेली अकरा वर्षं आहे आणि समितीत "बघू" म्हणजे काय ते मला माहीत आहे. इथं आम्हाला कोण ओळखतं? केरीला सगळे ओळखतात. अठ्ठावन्न वर्षांची बाई, जावई येण्याच्या वयातली, ओल्या कपड्यांत सगळ्यांसमोरून चालत येणार. लोक काय म्हणतील हा विचार माझ्या मनात आला. आला तो आला, नाही कशाला म्हणू?

ती पाय पाण्यात सोडून बसून राहिली.

१५ फेब्रुवारी, बुधवार. लामगाव

काल पोचलो. पद्मावतीवहिनी येऊन सगळी हकिगत ऐकून गेल्या. सुमंगलानं मासे सांगितले, कासव सांगितलं, किसमूर सांगितली. माझं बुडणं सांगितलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं, तर ती चहाचे कप उचलत होती.

ती भाजीला गेल्यावर मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. खाणीच्या कंपनीकडून दर नव्या वर्षाला डायरी मिळायची, नोकरी लागल्यापासूनच्या सगळ्या आहेत. पंच्याऐंशी सालची निळी. मे महिना काढला. म्हटलं, मी असं खरंच ओरडलो असेन तर मी लिहिलेलं असणार. मी सगळं लिहितो.

ते पान असं आहे:

"केरी. खाऱ्या पाण्याची पहिली आंघोळ. हवा स्वच्छ. लाटा बेताच्या. आईला पाणी मानवलं. जेवणात इसवण मासा, उत्तम."

एवढंच. पुढच्या चारही दिवसांची पानं पाहिली. दुसरी आंघोळ, तिसरी, चौथी, पाचवी. जेवणात काय, ते रोजचं आहे. तिचं नाव एकाही पानावर नाही.

माझी समजूत अशी की जे घडलं ते माझ्या डायरीत आहे. काट्यावर बसलेला माणूस, एक किलो इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आणि एका माणसाची अडतीस वर्षं माझ्या नोंदीतून सुटली. मी ओरडलो हे मला महत्त्वाचं वाटलं नव्हतं, म्हणून मी लिहिलं नाही, म्हणून मला आठवत नाही. माझी चूक झाली. मोठी चूक झाली.

ती भाजी घेऊन आली तेव्हा तिला ते पान दाखवलं. तिनं चष्मा लावून वाचलं.

"इसवण न्हय," ती म्हणाली. "त्या दिसा शेवटे आशिल्ले. आवयन तळिल्ले." आणि डायरी परत दिली.

"हांव चुकलों गो," मी म्हटलं.

तिनं भाजीची पिशवी उचलली. मग म्हणाली, "कळ्ळें माका." आत गेली. थोड्या वेळानं आतून भांडी जरा जास्त वाजल्याचा आवाज आला. मी तिथं गेलो नाही. तिला रडायचं असेल तर रडू दे, असं वाटलं.

जेवताना मी म्हटलं, "आयतारा केरीक वचूं या." तिनं माझ्याकडे बघितलं आणि आणखी भात वाढला.

१९ फेब्रुवारी, रविवार. केरी

काल महाशिवरात्र, उपास. आज पहाटे उठून निघालो, पावणेआठला केरीत. शंभूच्या बायकोनं, पार्वतीनं, चहा आणि बेकरीचे गरम उंडे पुढे ठेवले. मी उंडा चहात बुडवला आणि तसाच हातात धरून म्हटलं, "शंभू, आयज तुजे भयणीक पेंवपाक वचपाचें आसा. पंच्याऐंशी सालांत हांव आड्डिल्लों, तें चुकीचें आशिल्लें."

शंभू पंचावन्नचा झाला. त्यानं पार्वतीकडे बघितलं. पार्वतीनं चहाच्या किटलीकडे बघितलं. मला तेव्हा कळलं की या घरात हे सगळ्यांना माहीत होतं. दर मे महिन्यात आम्ही यायचो आणि शंभू सगळ्यांना पाण्यात बोलवायचा, एका बहिणीला सोडून. मला वाटायचं, तिला भीती आहे म्हणून.

"बरें जालें, भावोजी," शंभू म्हणाला. एवढंच म्हणाला आणि उठून बनियन शोधायला गेला.

किनाऱ्यावर माणसं होती. रविवार म्हणून पर्यटकही होते, सुरूच्या झाडांखाली गाड्या लागलेल्या, रापणकरांची जाळी पसरलेली. ओळखीचे सात-आठ तरी मोजले. सुमंगलानं ओढणी कमरेला घट्ट गुंडाळली, चपला काढल्या. लाटांसमोर उभी राहून ती थोडा वेळ मोजत राहिली. मग एका लाटेच्या खाली शिरली आणि पलीकडे निघाली. शंभू मागून गेला. पंधरा मिनिटांत दमून परत आला. "ती आयकना," म्हणत वाळूत आडवा झाला. ती पुढेच गेली होती.

नांगरलेल्या होड्या मागे पडल्या. आता पाण्यावर एक काळा ठिपका दिसत होता, तोही लाट आली की नाहीसा व्हायचा. जाळं उचलत असलेला म्हातारा बाबली हात कपाळाला लावून बघू लागला. "कोण रे ती, इतली भायर? होडें धाडूं?"

"नाका," मी म्हटलं. "आमची सुमंगला ती. तिका दर्या कळटा."

हे मी बोललो, पण आतून माझं काय झालं ते लिहिलं पाहिजे. मला भीती वाटली. बेटावर मी बुडत होतो तेव्हाही इतकी वाटली नव्हती. ठिपका दिसेनासा झाला की माझं तोंड उघडत होतं. 'भायर सर' हेच शब्द जिभेवर आले. प्रेमानं आले होते, पण शब्द तेच होते. बाबली माझ्याकडे बघत होता, पार्वती बघत होती, सगळे मी काय करतो ते बघत होते. मी पुढे सरकलो, गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिलो. तिथून ओरडलो असतो तर वाऱ्यावर कदाचित तिला ऐकू गेलं असतं.

मी हात पाठीमागे बांधले. हाक मारली नाही.

आठ वाजून बत्तीस मिनिटांनी ती उतरली होती. नऊ वाजून चार मिनिटांनी ठिपका वळला. कोणी बोलावलं म्हणून नाही, तिचं तिलाच वाटलं म्हणून. मग हात दिसू लागले, मग केस, मग चेहरा. ती पाण्यातून चालत आली, सगळ्यांच्या समोरून. बाबलीनं जाळं खाली ठेवलं होतं.

माझ्यापाशी येऊन तिनं तोंडावरचं पाणी निपटलं. "अशे कित्याक उबे?" म्हणाली.

"असोच," मी म्हटलं.

"भूक लागल्या," म्हणाली, आणि शंभूच्या घराकडे चालायला लागली. मी तिच्या चपला उचलल्या आणि मागून गेलो.